राही कासारणीने दाखवलेलं घर

ही गोष्ट कधीची, ते मला विचारू नका. फार जुनी आहे, एवढं धरून चला. ज्या राजाच्या राज्यात ती घडली त्याचं नाव आज कुणाला आठवत नाही आणि त्याच्या किल्ल्यावर आता शेळ्या चरतात. पण गोष्ट राहिली, कारण तिच्यातला संताप अजून निवलेला नाही. माझा तरी नाही! लहानांनो, ऐका. आणि मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच कान देऊन ऐका.

त्या राज्यात घरांच्या खरेदी-विक्रीचा एक कडक नियम होता. मध्ये पडून दुसऱ्याचं घर विकून द्यायचं, तर दलालाच्या छातीवर राजाचा तांब्याचा बिल्ला हवा. बिल्ला काही उठसूट कुणालाही मिळत नसे. भर चावडीत शपथ घ्यावी लागे आणि स्वतःचं घर तारण ठेवावं लागे. दलालाने कुणाला फसवलं, तर त्याचंच घर जाई.

कुणी अडचणीपायी घर विकत असेल, तर नियम आणखी कडक. दलालाने तीन शेजारी बोलवायचे, घराची खरी किंमत त्यांच्यादेखत मोठ्याने सांगायची आणि मग नऊ दिवस थांबायचं. तेवढ्यात घरवाल्याचं मन फिरलं, तर सौदा मोडला. अडलेल्या माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, त्याला श्वास घ्यायला वेळ द्यावा, एवढाच त्यामागचा विचार. किती शहाणा विचार होता बघा!

मात्र घेणारा आणि देणारा आपले आपण समोरासमोर बसले, मध्ये तिसरं कुणी नसलं, तर बिल्ला लागत नसे आणि नऊ दिवसही लागत नसत. भाऊ भावाला घर देतो, शेजारी शेजाऱ्याला देतो, तिथं दलाल कशाला? नियम करणाऱ्यांनी भल्या मनाने एवढी एक सवलत ठेवली होती. आणि नेमका तिचाच फायदा माणिकशेटने उचलला.

माणिकशेट हा त्या नगरातला सगळ्यात मोठा व्यापारी. घरं घ्यायची, डागडुजी करायची आणि तिप्पट भावाने विकायची, हा त्याचा धंदा. पण त्याला पडकी घरं नको होती, पडलेली माणसं हवी होती. कुणाच्या घरी आजार आहे, कुणाचा कमावता माणूस गेला, कुणाची चूल दोन-दोन दिवस पेटत नाही, हे त्याला सगळ्यांच्या आधी कळायला हवं होतं. आता शेट कुणाच्या चुलीत डोकावणार? म्हणून ज्यांना घराघरात मुक्त वावर होता अशी माणसं त्याने हाताशी धरली. त्यात एक न्हावी होता, एक पाणक्या होता आणि एक होती राही कासारीण.

राही बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गल्लोगल्ली हिंडायची. “बांगड्या भरा, बांगड्याऽऽ!” अशी तिची आरोळी आली की बायका हातातलं काम टाकून उंबऱ्याशी यायच्या. राही समोर फतकल मारून बसायची, बाईचा हात आपल्या गुडघ्यावर घ्यायची, त्याला तेल लावून बोटं चेपायची आणि एकेक बांगडी अशी चढवायची की बाईला कळायचंही नाही. तिचा हात हलका होता, आणि तोंड त्याहून हलकं.

बांगड्या भरताना बाई बोलते. एक हात दुसरीच्या हातात गुंतलेला, उठून जाता येत नाही, मग पोटातलं ओठावर येतंच. कासारांच्या घरात म्हणून एक रीत होती. बांगड्या भरताना जे ऐकलं, ते त्या उंबऱ्यावरच ठेवून उठायचं. राहीच्या सासूने तिला टोपली सोपवली, तेव्हा बांगड्यांच्या भावाआधी ही रीत शिकवली होती.

राहीची आणखी एक कला होती. हात हातात घेतला की तिला घरची खबर कळे. मागच्या खेपेला घट्ट झालेली बांगडी या खेपेला सैल पडली, म्हणजे त्या घरात पोटाला पुरेसं नाही. बाई पोरांना वाढते आणि स्वतः पाणी पिऊन निजते, हे नवऱ्याच्या आधी राहीला समजायचं. याचा तिला भारी तोरा होता.

एकदा माणिकशेटच्या बायकोला बांगड्या भरता भरता ती हा तोरा मिरवून गेली. “बाईसाहेब, वेशीजवळची तांबटाची बायको हो! हात बघा कसा चिपाडासारखा झालाय. तांबट उठत नाही अंथरुणातून. चार महिने झाले.”

शेट आतल्या खोलीत बसला होता. त्याने सगळं ऐकलं. पंधरा दिवसांनी त्याने राहीला ओसरीवर बोलावून तिच्या तळव्यावर चांदीचं नाणं ठेवलं.

“हे कशाचं, शेटजी?”

“तांबटाचं घर घेतलं मी. खबर तुझी होती. अशीच खबर देत जा. घर मिळालं की नाणं तुझं.”

“पण मी काही दलाल नाही बाई. माझ्याकडे कुठला बिल्ला?”

“अगं, बिल्ला कशाला?” शेट हसला. “तू थोडीच सौदा करतेस? तू नुसतं कानावर घालायचंस. बातमी सांगायला राजाची परवानगी लागते होय?”

राहीला ते पटलं. खरं सांगायचं, तर नाण्याने पटवलं. पण तिने स्वतःची समजूत वेगळीच घातली. ती मनाशी म्हणाली, ‘अडलेल्याला गिऱ्हाईक मिळतंय, त्याच्या हातात चार पैसे पडताहेत. हे पुण्याचंच काम झालं की!’ अशी समजूत घालून घेणाऱ्या माणसांचा मला चोराहून जास्त राग येतो. चोराला निदान ठाऊक असतं की आपण चोर आहोत.

तांबटाचं धरून वर्षभरात राहीने शेटच्या कानावर सहा घरं घातली. तीन घरं शेटला मिळाली, राहीला तीन नाणी मिळाली. उरलेल्या तिघांनी घर विकलं नाही, त्यांचं राहीला काही मिळालं नाही. नाण्यांतून तिने पितळेचा मोठा हंडा घेतला आणि आल्यागेल्याला कौतुकाने दाखवला. ज्यांची घरं गेली ते कुठं गेले, हे तिने कुणाला विचारलं नाही.

मग एके दिवशी ती मैनेच्या दारात बसली. मैना ही शिदू विणकराची बायको, दोन लहान मुलींची आई. शिदू तंबूंच्या कापडाचे तागे घेऊन घाटापलीकडच्या छावणीत गेला होता. तिथं कापड मोजून दिलं की पैसे मिळणार होते. पंधरा दिवसांत येतो म्हणाला होता, महिना उलटून गेला होता.

राहीने हात हातात घेतला आणि ती चमकली. “पोरी, दोन मापं उतरला गं हात!”

मैनेच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “राहीमावशी, कुणाला बोलू नकोस. एका वेळचं कसंबसं निघतंय. तेही मुलींपुरतं. हे आले की सगळं मार्गी लागेल. तोवर मला शेजारी-पाजारी हात पसरायचा नाही. मोठ्या कष्टाने अब्रू राखलीय.”

“माझ्या पोटातून बाहेर जायचं नाही, बाय माझी,” राही म्हणाली, आणि त्या क्षणी ती अगदी मनापासून बोलली होती.

पण संध्याकाळी ती शेटच्या ओसरीवर उभी होती. काय सांगावं माणसाला! तिने तोंडाने म्हटलं, “शेटजी, बिचारीला काही मदत करा.” आणि मग घराची गल्ली सांगितली, नवरा गावात नाही हे सांगितलं, एक वेळचं जेवण सांगितलं. मैनेने जे जे झाकलं होतं, ते ते तिने एकेक करून उघडं केलं. घर चांगलं ऐसपैस होतं, म्हणून या खेपेला शेटने दोन नाणी कबूल केली. चौथ्या दिवशी ती तिला मिळाली.

आठवडा गेला. राही पुन्हा विणकरांच्या गल्लीत आली, तर मैनेच्या दाराला शेटचं कुलूप. शेजारीण म्हणाली, “देवळाच्या ओवरीत राहते आता.” राही तिकडे गेली. मैना दोन्ही मुलींना घेऊन खांबाला टेकून बसली होती. शेजारी शिदू बसला होता. त्याच्या पायाशी पैशांची थैली पडली होती, आणि तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं.

“कधी आलास रे?” राहीने विचारलं.

“काल,” शिदू म्हणाला. “घर जाऊन सहा दिवस झाले होते.”

सहा दिवस! ऐकलंत ना? नियमाने नऊ दिवस थांबायचं होतं. नियम पाळला असता, तर शिदू थैली घेऊन स्वतःच्या दारात उभा राहिला असता.

मैना सांगू लागली. शेट एका सकाळी आला होता. म्हणाला, नवऱ्याची वाट किती बघशील, घाटात माणसं मरतात. म्हणाला, भिंत कलली आहे, सरकारी माणसं घर पाडतील आणि दमडी मिळणार नाही. आज देतो ती किंमत आज, उद्या निम्मी. आणि निघता निघता मुलींकडे बघून म्हणाला, “एका वेळच्या जेवणावर किती दिवस काढणार या?”

“तिथंच माझा धीर सुटला, मावशी. वाटलं, साऱ्या गावाला ठाऊक झालंय. आता अब्रू तरी कसली राखायची? दिला अंगठा. पाव किमतीला दिलं घर.” मैनेने राहीकडे सरळ बघितलं. “मग काल बसून विचार केला. एका वेळच्या जेवणाचं मी तुला एकटीलाच सांगितलं होतं.”

राही तिथंच खाली बसली.

“घर गेलं तर गेलं म्हणता येईना गं,” शिदू म्हणाला. “माग जमिनीत खड्डा खणून बसवलेला. खड्ड्यात पाय सोडून विणायचं. तो उचलून कुठं नेऊ? माझ्या बापाने तीन पावसाळे खपून बसवला होता. थैलीतले पैसे घेऊन सकाळी शेटकडे गेलो, म्हटलं, घर परत द्या. तर तिप्पट मागतो.”

राही तिथून उठली आणि तडक शेटच्या पेढीवर गेली. दोन नाणी तिने त्याच्यापुढे आदळली. “घर परत द्या त्यांचं!”

शेट शांतपणे पान लावत होता. “का म्हणून? तू खबर विकलीस, मी घेतली. मैनेने घर विकलं, मी घेतलं. यात चुकलं कुणाचं?”

“मी चावडीवर जाईन!”

“जा की. पण बिल्ल्याशिवाय दलाली करणाऱ्याची काय गत होते, ते विचारून जा. टोपली जप्त होते. आधी तूच अडकशील. मी गिऱ्हाईक आहे, राहीबाई. गिऱ्हाइकाला बिल्ला लागत नाही.”

बघा बरं, कसा बोलला! ओसरीवर ‘तू दलाल नाहीस’ आणि पेढीवर ‘तूच दलाल.’ एकाच तोंडाने! राही घरी गेली. हंड्यातलं पाणी तिला पिववेना. टोपली गेली तर खायचं काय, हा प्रश्न होताच. दोन दिवस ती घराबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी मैना आणि शिदू चावडीवर दाद मागायला गेले आहेत, असं तिच्या कानावर आलं. तिने पायांत वहाणाही घातल्या नाहीत.

चावडीवर माणसांची दाटी होती. न्यायाला बसले होते अंताजीशास्त्री, वयाने थकलेले आणि सावकाश बोलणारे. शेट भलताच मोकळेपणाने बोलत होता.

“महाराज, मी स्वतः बाईच्या दारात गेलो. सौदा समोरासमोर झाला. मध्ये दलाल नव्हता, मग नऊ दिवस कसले? कासारीण मला चार गोष्टी सांगते, मी तिला खुशीने बक्षीस देतो. पाणवठ्यावर बायका बोलतात, पारावर म्हातारे बोलतात. उद्या त्या सगळ्यांना बिल्ले वाटणार का?”

लोक हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं, ते मला विचारू नका. दुसऱ्याचं घर जातं तेव्हा लोकांना बरंच हसू येतं.

शास्त्रीबुवा जड मनाने म्हणाले, “शेटचं म्हणणं नियमाला धरून दिसतं. बातमी सांगणं हा गुन्हा नाही. बातमीचे पैसे घेणं शोभत नाही, पण तोही गुन्हा नाही. सौद्यात तिसरं कुणी नव्हतं, तर सौदा पक्का.”

शिदूने मान खाली घातली. मैनेने मुलींना जवळ ओढलं.

“बातमीचे पैसे?” गर्दीतून राही ओरडली. “मग मला बाकीच्या तीन घरांचे का नाही दिले?”

सगळे वळले. राही लोकांना ढकलत पुढे आली.

“सात घरांची खबर दिली मी यांना, महाराज! सातही खऱ्या होत्या. पैसे मिळाले चारच घरांचे. जी चार यांच्या हाती लागली त्यांचे! घर मिळालं की नाणं, नाही मिळालं तर काही नाही. मोठ्या घराला दोन नाणी. बातमी तर सगळ्यांची सारखीच होती की! मग हे पैसे बातमीचे कसे?”

शास्त्रीबुवा ताठ बसले. “बाई, विचार करून बोल. सौदा झाला तरच पैसे, आणि घराच्या मानाने पैसे, याला आम्ही दलाली म्हणतो. हे खरं असेल, तर बिल्ल्याशिवाय दलाली केल्याचा गुन्हा तू स्वतःच्या तोंडाने कबूल करते आहेस.”

“करतेच आहे कबूल! केली मी दलाली. ‘बातमी’ असं खोटं नाव देऊन केली. पोरीने हात माझ्या हातात दिला होता, महाराज. विश्वासाने दिला होता!” आणि मग तिला रडू आवरेना.

“ही बाई खोटं बोलते,” शेट म्हणाला, पण त्याचा आवाज आता तेवढा मोकळा नव्हता.

तेव्हा मागून न्हावी पुढे आला. त्याने वर बघितलं नाही. “खरं बोलते ती. मलाही तसेच मिळतात. घर मिळालं तरच.”

मग शास्त्रीबुवांनी निकाल दिला. “शेट, नुसती माहिती घेतली असतीस, तर सातही वेळा दाम मोजला असतास. तू सौद्याचा दाम मोजलास. म्हणजे सौद्यात तिसरं माणूस होतं. फक्त त्याने शपथ घेतली नव्हती, काही तारण ठेवलं नव्हतं, आणि त्याला जाब विचारायची सोय नव्हती. तशी सोय नसावी, म्हणूनच तू त्याला पैसे देत होतास. अशा माणसांकरवी घेतलेलं प्रत्येक घर आज मूळ मालकाकडे परत जाईल. तू दिलेली किंमत त्यांच्याकडेच राहील. यापुढे तू या नगरात घर घेऊ शकणार नाहीस.”

राहीला पाचही नाणी सरकारात भरावी लागली. हंडा विकून तिने ती भरली. टोपली जप्त झाली नाही, कारण गुन्हा तिने स्वतः सांगितला होता. पण वर्षभर कुणाच्या उंबऱ्याशी बसायचं नाही, बांगड्या भर रस्त्यात उभ्याने विकायच्या, असा हुकूम झाला. तिने तो मान खाली घालून ऐकला. मला विचाराल, तर शास्त्रीबुवांनी दया केली.

घरं परत गेली, पण सगळी भरली नाहीत. तांबट औषधावाचून धर्मशाळेतच गेला होता, आणि त्याची बायको कुठं गेली ते कुणाला सांगता येईना. शिपाई किल्ली घेऊन दोन महिने हिंडला आणि शेवटी ती चावडीवर जमा करून मोकळा झाला. आता सांगा, त्या किल्लीचा निकाल कुणी लावायचा?

मैनेच्या घरी मात्र माग पुन्हा चालू झाला. राही एक दिवस गेली आणि हुकुमाप्रमाणे रस्त्यातच उभी राहिली. “पोरी, बरी आहेस ना?” तिने विचारलं.

मैना दारात आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. “घर मिळालं गं मावशी, तुझ्यामुळेच मिळालं, ते मी विसरणार नाही. पण आता कुणी ‘बरी आहेस ना’ विचारलं की माझ्या काळजात धस्स होतं. वाटतं, हे विचारायचे याला किती मिळणार असतील?”

एवढं बोलून तिने दार लावून घेतलं. राही टोपली घेऊन परत फिरली, आणि त्या दिवशी तिने आरोळी दिली नाही.

म्हणून सांगतो, नीट लक्षात ठेवा: अडलेल्याचं दार दाखवून जो पैसे घेतो, त्याने त्या दाराआड जे घडेल त्याचा जाब दिलाच पाहिजे.